ही गाडी सोडा, पुढची घ्या : मुंबई लोकलने सुखरूप ये-जा करण्यासाठी

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसांचा जीव गेला. त्यांत सगळ्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा होता आणि त्याखालोखाल गाडीतून पडलेल्यांचा. गाडी घसरणं, आग लागणं, गाड्यांची टक्कर होणं या गोष्टींची भीती जास्त वाटते, पण लोकलमधला रोजचा मृत्यू त्यांतून येत नाही. तो येतो दोन-चार मिनिटं वाचवण्याच्या धडपडीतून.

गर्दी हा प्रवाशाचा दोष नाही. डबे कमी, फेऱ्या अपुऱ्या, पूल अरुंद, ही जबाबदारी रेल्वेची आहे आणि तिचा जाब विचारत राहिलं पाहिजे. पण उद्या सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभं राहायचं आहेच. समोर आलेली गाडी सोडून देता येणं हे लोकलच्या प्रवाशाचं पहिलं कौशल्य. पुढचं सगळं त्याच्यावर आधारलेलं आहे.

घरातून निघण्याआधी

गाडी सोडून देण्याची मुभा हवी असेल तर ती वेळेत ठेवावी लागते. नेहमीच्या गाडीच्या आधीच्या गाडीचं वेळापत्रक डोक्यात ठेवून घर सोडा, म्हणजे ती गर्दीमुळे सोडली तरी ठरलेली गाडी हातात राहते. ‘८.४७ मिळालीच पाहिजे’ अशा हिशेबाने निघालेला माणूस जिन्यावरूनच पळायला लागतो आणि मग दारात लोंबकळतो.

मोजक्याच स्टेशनांत थांबणाऱ्या फास्ट गाडीचा हट्ट सोडून बघा. गर्दीच्या वेळी फास्टमध्ये दारात लटकण्यापेक्षा स्लो गाडीत आत उभं राहणं केव्हाही बरं. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, ती आधीच धरून चाला. आपल्या किंवा शेजारच्या स्टेशनातून सुटणारी गाडी असेल तर तीच पकडा. काही जण एक-दोन स्टेशनं उलट जाऊन बसून येतात. ते करायचं तर तिकीट किंवा पास त्या उलट्या अंतराचाही हवा.

बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, फलाट बदलतात, काही स्टेशनांत गाडी थांबतच नाही. शनिवारी रात्रीच वेळा बघून घ्या. एम-इंडिकेटर या अ‍ॅपवर वेळापत्रकासोबत फलाट कोणत्या बाजूला येणार तेही दिसतं. अनोळखी स्टेशनला जायचं असेल तर ते आधी बघून ठेवाच.

पायात मागे पट्टा असलेली चप्पल, सँडल किंवा बूट घाला. साधी स्लिपर दाराच्या रेट्यात पायातून निघते, ती शोधायला माणूस खाली वाकतो आणि मागून येणाऱ्यांच्या पायाखाली जातो. ओढणी आणि पदर खोचून घ्या. सॅकचे लोंबते पट्टे आत सरकवा.

खिशात एक कागद असू द्या : नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन नंबर, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती. अपघातात फोन फुटतो, हरवतो किंवा लॉक असतो आणि जखमी माणूस रुग्णालयात कित्येक तास ‘अनोळखी’ म्हणून पडून राहतो. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलात तर पावसातही टिकतो.

फलाटावर

आधी इंडिकेटर पूर्ण वाचा. नुसतं गाडीचं नाव पाहून भागत नाही. स्लो की फास्ट, आणि १२ डब्यांची की १५ डब्यांची, हे दोन्ही बघायचं. पंधरा डब्यांच्या जागी उभं राहिलात आणि बारा डब्यांची आली, तर शेवटचा डबा तुमच्यापुढे जाऊन थांबतो. मग सगळा घोळका एकदम पळत सुटतो आणि त्या पळापळीत धक्का लागून लोक गाडीखाली जातात. फर्स्ट क्लास, महिला आणि दिव्यांगांचा डबा कुठे येतो याच्या पाट्या फलाटावर लावलेल्या असतात. आपल्या डब्यासमोर आधीच जाऊन थांबा. चालत्या गाडीबरोबर डबा शोधत धावू नका.

पिवळ्या खडबडीत पट्टीच्या मागे उभं राहा. गाडी येताना दारात बाहेर झुकलेली माणसं, त्यांच्या सॅका आणि कोपरं फलाटाच्या काठावरून सरपटत जातात, आणि त्यांचा फटका काठावर उभ्या माणसाला बसतो. तुमच्या स्टेशनला न थांबणारी फास्ट गाडी जाताना तर आणखी एक पाऊल मागे सरा. रांगेत सगळ्यात पुढे असाल तर पाय थोडे फाकवून, एक पाय मागे ठेवून उभे राहा. मागून रेटा आला तर तोल सांभाळता येतो.

ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली तर ती गाडी मनातून सोडून द्या. शेकडो माणसं एकाच जिन्याकडे धावतात, आणि तो जिना चढणाऱ्यांइतकाच उतरणाऱ्यांनीही भरलेला असतो.

चढताना

लोकल स्टेशनात वीस-तीस सेकंदच थांबते, पण तेवढा वेळ पुरतो. क्रम मात्र पाळायला हवा. आधी दाराच्या बाजूला सरा, समोर उभं राहू नका. उतरणाऱ्यांचा लोंढा सरळ समोर येतो. सॅक पाठीवरून काढून छातीवर घ्या. फोन खिशात टाका, दोन्ही हात मोकळे करा. लोंढा ओसरला की दाराच्या मधला खांब किंवा कडेचा दांडा धरून मगच पाय ठेवा. फलाट आणि पायरी यांच्यातली फट नजरेने बघा. मुंबईत फलाटांची उंची बरीच वाढवली आहे, पण वळणावरच्या फलाटांवर फट रुंदच राहते. लहान मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घ्या. हात धरून चढवू नका. फटीत जातो तो मुलाचाच पाय.

आत गेल्यावर दारात थांबू नका. सीटांच्या मधल्या पॅसेजमध्ये शिरा. दारापाशी चेंगराचेंगरी असताना आत बऱ्याचदा उभं राहायला जागा असते. ती रिकामी राहते, कारण पुढच्या स्टेशनला उतरता येणार नाही या भीतीने सगळे दार अडवून धरतात.

चाक हललं की गाडी सुटली असं समजा. यात तडजोड नाही. हल्लीच्या लोकल सेकंदाला साधारण अर्धा मीटर या दराने वेग घेतात, म्हणजे दहा सेकंदांत गाडी ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास पोचते. हातात दांडा आणि पाय फलाटावर अशा अवस्थेत माणूस तेवढ्या वेगाने धावू शकत नाही. पाय मागे राहतो, शरीर गाडीकडे वळतं आणि पडतं ते फटीत. मोकळ्या मैदानात धडपडलं तर गुडघा फुटतो. इथे पडायला जागा तेवढीच असते.

सुटण्याच्या स्टेशनांवर, म्हणजे चर्चगेट, सीएसएमटी, विरार, कल्याण, पनवेल अशा ठिकाणी, गाडी आत येत असतानाच सीटसाठी उड्या मारतात. रोज करणाऱ्याला ते सोपं वाटतं. त्याच दारातून त्याच क्षणी कुणी तरी उतरण्यासाठी बाहेर झुकलेलं असतं आणि फलाट ओला असतो. खिडकीची सीट मिळवण्याचा हा मार्ग घेऊ नका.

एसी लोकल आणि मेट्रोमध्ये दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे पडण्याचा धोका जवळजवळ संपतो. तिथे एवढंच सांभाळा की बंद होणाऱ्या दारात सॅक किंवा हात घालून ते अडवायचं नाही. दार लागल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि एका दाराने खोळंबलेली गाडी मागच्या सगळ्या फलाटांवर गर्दी वाढवते.

दारात अडकलात तर

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या किमान चौघांचा जीव गेला. वळणावर काय होतं ते समजून घ्या. डबा एका बाजूला कलतो, आतली गर्दी त्या बाजूला सरकते आणि सगळा भार दारातल्या माणसाच्या मनगटावर येतो. शिवाय दोन गाड्यांमधलं अंतर वळणावर कमी भासतं. दोन्हीकडून सॅका बाहेर आल्या असतील तर त्या अडकू शकतात. घामाने किंवा पावसाने निसरड्या झालेल्या हातात तो भार टिकत नाही.

दारात लटकून प्रवास करू नका हे खरं. पण मागून चढलेल्या गर्दीने कुणालाही दारात ढकललेलं असू शकतं. तसं झालं तर तोंड डब्याच्या आत करा. बाहेर तोंड करून उभा माणूस सिग्नलच्या आणि विजेच्या खांबाला कपाळ देतो. दोन्ही पावलं पूर्ण आत घ्या, नुसते चवडे टेकवू नका. हात कोपरापासून दांड्याभोवती गुंडाळा. कोपर मनगटापेक्षा जास्त वेळ टिकतं. सॅक आतल्या माणसाकडे द्या. कानातले इयरफोन काढा. आणि मोठ्याने सांगा, ‘हात सुटतोय, आत घ्या.’ डब्यातली माणसं आधी वैतागतील, पण हे ऐकल्यावर पट्टा धरून ओढून घेतात. पुढचं स्टेशन आलं की खाली उतरा, दम खा, पुढच्या गाडीने जा.

दारात उभं राहून फोन वापरण्याचा आणखी एक धोका आहे. गाडी सिग्नलपाशी किंवा वळणावर हळू होते तिथे रुळालगत उभे असलेले चोर काठीने हातावर फटका मारतात आणि पडलेला फोन घेऊन जातात. फोन तर जातोच. पण दचकून हात सुटला किंवा फोनमागे झेपावलं की माणूसही जातो. दारापासून हातभर आत येईपर्यंत फोन खिशातच राहू द्या.

उतरताना

दोन स्टेशनं आधी उठा. पुढच्याला विचारा, ‘ठाणे उतरणार?’ ‘हो’ म्हणाला तर त्याच्यामागे लागा, ‘नाही’ म्हणाला तर जागा बदलून घ्या. ही जुनी पद्धत आहे आणि धक्काबुक्कीपेक्षा लवकर काम करते. लांबच्या फास्ट गाडीने जवळच्या स्टेशनला उतरायचं असेल, उदाहरणार्थ विरार फास्टने बोरिवलीला, तर ती गाडी गर्दीच्या वेळी घेऊच नका. चढणाऱ्यांच्या भिंतीतून बाहेर पडता येत नाही आणि भांडणं होतात.

उतरता आलं नाही तर काय? पुढच्या स्टेशनला उतरा आणि परत या. गाडी हलल्यावर उडी मारू नका. फलाट नसलेल्या बाजूने, म्हणजे ऑफ साइडला, तर कधीच उतरू नका. तिथे खाली खडी असते, उंची जास्त असते आणि शेजारच्या मार्गावरून येणारी गाडी दिसत नाही.

रूळ

पूल चढायला तीन-चार मिनिटं लागतात, रूळ ओलांडायला अर्धं मिनिट. म्हणून लोक रूळ ओलांडतात. आता दुसरा हिशेब बघा. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर कापते. दोनशे मीटरवर ती दिसली तर तुमच्यापाशी पोचायला तिला सात सेकंद लागतात. चार मार्ग ओलांडायचे म्हणजे खडी, स्लीपर आणि केबलींवरून जवळपास वीस मीटर चालणं, त्याला वीस सेकंद तरी हवेत. कुर्ला ते कल्याण या पट्ट्यात तर सहा मार्ग आहेत. मोटरमनने ब्रेक मारला तरी गाडी कित्येकशे मीटर पुढे जाऊनच थांबते.

यात सगळ्यात फसवी असते ती दुसरी गाडी. माणूस एका गाडीकडे बघत, ती जायची वाट बघत थांबतो. ती गेली की लगेच पुढे होतो, आणि उलट दिशेने आलेली गाडी त्या पहिल्या गाडीआड लपलेली असते. आवाजही वेगळा ऐकू येत नाही.

रुळांवर काही पडलं, चप्पल, डबा, फोन, तर खाली उतरू नका. फलाटावरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या, म्हणजे आरपीएफच्या, जवानाला किंवा स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात सांगा.

डोक्यावरची तार २५,००० व्होल्टची आहे, घरच्या विजेच्या शंभरपटीहून जास्त. तिला हात लागावा लागत नाही. जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारून शरीरात शिरते. टपावर चढणं, पुलावरून काठी किंवा ओला कपडा खाली सोडणं, उभ्या मालगाडीवर चढून फोटो काढणं, या सगळ्यांत माणसं जळाली आहेत. शिडी, पडदे लावायचा लांब पाइप, झेंड्याची काठी असं सामान फलाटावरून नेताना आडवं धरा.

पूल आणि कोंडलेली गर्दी

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. जोराचा पाऊस आला होता, लोक पुलावर आडोशाला थांबले होते आणि गाड्या मात्र नवे प्रवासी उतरवत होत्या. पुढे जाणारं कुणी नव्हतं, मागून येणारं थांबत नव्हतं.

अशा गर्दीत मृत्यू येतो तो बहुतेक वेळा छाती दाबली जाऊन, श्वास घ्यायला जागा न उरल्याने. म्हणून लक्षणं आधी ओळखा. चारही बाजूंनी माणसं अंगाला टेकली, चालण्याचा वेग आपल्या हातात राहिला नाही, तर तिथूनच मागे फिरा किंवा फलाटावरच थांबा. गर्दी उतरू द्या. पावसात जिन्याच्या तोंडाशी थांबून छत्री उघडू नका. बाजूला जाऊन उघडा.

आत सापडलातच तर मुठी वळून दोन्ही हात छातीसमोर आणा, कोपरं थोडी बाहेर ठेवा. बरगड्यांना तेवढी जागा मिळते. प्रवाहाला विरोध करू नका. रेटा थोडा सैल झाला की तिरके सरकत कडेला जा, पण भिंतीला किंवा कठड्याला चिकटू नका, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. ओरडण्यात श्वास खर्च करू नका. खाली पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका. पालथं किंवा उताणं पडून राहू नका.

पाऊस, अडकलेली गाडी आणि अफवा

पावसाळ्यात भरतीची वेळ बघून निघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आले की समुद्रात पाणी ओतता येत नाही, आणि शीव, कुर्ला, मशीद असे सखल भाग तुंबतात. त्या दिवशी दुपारीच निघता येत असेल तर निघा, नाहीतर कामाच्या ठिकाणीच थांबण्याची तयारी ठेवा. पाणी, कोरडा खाऊ, चार्जर आणि रोजची औषधं सॅकमध्ये असू द्या. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर १९१६ आहे.

गाडी दोन स्टेशनांमध्ये अडकली तर आतच राहा. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. प्रवाशांनी उतरू नये असं आवाहन केलं होतं, आणि हजाराच्या आसपास प्रवासी बोटी आल्यावर सुखरूप बाहेर आले. पाण्याखाली रुळांची, गटारांची, उघड्या केबलींची कल्पना येत नाही. रेल्वेने उतरायला सांगितलं तर उतरा. ते सांगतात तेव्हा शेजारच्या मार्गावरची वाहतूक थांबवलेली असते.

अफवेचं उदाहरण याहून वाईट आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसला आग लागल्याची आवई उठली. प्रवाशांनी साखळी ओढून खाली उड्या मारल्या आणि शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान बारा जण सापडले. चाकांपाशी धूर दिसला तर तो बऱ्याचदा आवळून बसलेल्या ब्रेकचा असतो. पावसात टपावर ठिणग्या दिसतात त्या तार आणि तिच्यातून वीज घेणारा टपावरचा सांगाडा (पँटोग्राफ) यांच्यातल्या. डब्याच्या आतच ज्वाळा किंवा दाट धूर असेल तर उतरावं लागेल; तेव्हाही ज्या बाजूला दुसरा मार्ग नाही त्या बाजूने, पाठमोरं, दांडा धरून उतरा आणि रुळांपासून लांब जा.

बेवारस बॅग दिसली तर हलवू नका, उघडू नका. शेजाऱ्यांना एकदा विचारा, मालक नसेल तर लांब व्हा आणि रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा. ११ जुलै २००६ चे स्फोट पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत ठेवलेल्या बॉम्बचे होते, हे शहर विसरलेलं नाही.

पाकीट, फोन, सोनं

चोरी सहसा ठरावीक वेळीच होते. ती होते गाडीत चढण्याच्या रेट्यात आणि गाडी सुटण्याच्या क्षणी. चढताना तीन-चार जण पुढे-मागे होतात, पुढचा मुद्दाम अडतो, मागचा ढकलतो, आणि सगळं लक्ष पायांकडे असताना खिसा मोकळा होतो. सुटण्याच्या क्षणी दाराजवळच्या किंवा खिडकीतल्या माणसाच्या हातातला फोन, गळ्यातली साखळी ओढून चोर फलाटावर उतरतो, कारण तुम्हाला आता उतरता येणार नाही हे त्याला माहीत असतं. म्हणून गाडी थांबल्यापासून पूर्ण बाहेर पडेपर्यंत फोन आत. पाकीट पॅंटच्या पुढच्या खिशात, शर्टाच्या खिशात काहीच नाही. मंगळसूत्र ओढणीखाली किंवा पदराखाली. वरच्या रॅकवर ठेवलेली बॅग समोरच्या बाजूच्या रॅकवर असू द्या, डोक्यावरच्या नको. समोरची दिसत राहते.

फोन गेला तर मागे उडी मारू नका. पुढच्या स्टेशनला उतरून या क्रमाने करा :

१. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करा, मग बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

२. रेल्वे पोलिसांकडे, म्हणजे जीआरपीकडे, गुन्हा नोंदवा. आरपीएफ मदत करते, पण एफआयआर जीआरपीच घेते. ते राज्याचे पोलीस आहेत. चोरी त्यांच्या हद्दीत झाली नाही म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी तक्रार, मागा. ‘गहाळ’ असं लिहून घेत असतील तर थांबा आणि चोरी झाली असेल तर ‘चोरी’ असंच लिहायला सांगा.

३. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र देऊन फोन ब्लॉक करा. हा नंबर *#०६# डायल केल्यावर दिसतो. तो आजच काढून घरी लिहून ठेवा.

बायकांसाठी, विशेषतः रात्री

महिला डबे सगळेच चोवीस तास महिलांसाठी नसतात. काही डबे ठरावीक वेळेनंतर सर्वांसाठी खुले होतात. वेळ डब्यावर बाहेर लिहिलेली असते, चढण्याआधी वाचा. रात्री महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड नेमलेला असतो. तो नसेल तर १५१२ या रेल्वे पोलिसांच्या क्रमांकावर कळवा, गाडीची वेळ आणि डबा सांगा. पुढच्या एखाद्या स्टेशनात माणूस चढवता येतो.

बदलापूर, विरार, पनवेलच्या दिशेने डबा हळूहळू रिकामा होतो. आपण एकट्याच उरणार असं वाटलं की शेवटच्या क्षणाची वाट न बघता, फलाट असलेल्या स्टेशनातच उतरून माणसं असलेल्या दुसऱ्या डब्यात जा, मग तो जनरल असला तरी चालेल. एकटीने बसायचंच असेल तर दारापासून लांब, साखळी आणि टॉकबॅकचं बटण हाताशी येईल अशा जागी बसा. टॉकबॅक थेट गार्डशी जोडलेला असतो. (२०२२ पासून गार्डचं अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर आहे, पण फलाटावर सगळे गार्डच म्हणतात.)

गर्दीत कुणी हात लावला तर नुसतं ‘काय करताय’ म्हणून थांबू नका. बाकीच्यांना कळेल असं बोला : ‘निळ्या शर्टवाले, हात काढा.’ नेमकं वर्णन ऐकलं की आजूबाजूचे वळून बघतात आणि तो माणूस गर्दीत लपू शकत नाही. तक्रार कुठल्याही जीआरपी ठाण्यात करता येते आणि अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. कपडे, बसलेली जागा, तो कुठे चढला आणि कुठे उतरला हे लगेच फोनवर टिपून ठेवा. फलाटांवरच्या कॅमेऱ्यांत शोधायला तेच कामी येतं.

कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बाया यांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. हे अनेकींना माहीत नसतं आणि सातव्या महिन्यात त्या लेडीजच्या दारात उभ्या असतात.

कुणी पडलं तर

माणूस पडताना दिसला तर साखळी ओढा. आजारी माणसाला डब्यात चक्कर आली असेल तर मात्र मध्येच ओढू नका, पुढच्या स्टेशनात ओढा. दोन स्टेशनांमध्ये थांबलेल्या गाडीपर्यंत डॉक्टर पोचत नाही, फलाटावर स्ट्रेचर मिळतं.

जागा सांगण्यासाठी खांब वाचा. रुळांलगतच्या प्रत्येक विजेच्या खांबावर आकडे रंगवलेले असतात, उदाहरणार्थ ३२/१४. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. ‘कळव्याच्या पुढे कुठेतरी’ असं सांगितलं तर शोधण्यात अर्धा तास जातो. खांबाचा नंबर सांगितला तर माणसं थेट तिथे पोचतात. १३९ किंवा १५१२ वर हा नंबर, दिशा आणि स्लो की फास्ट मार्ग सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

जखमी फलाटावर असेल तर रक्त वाहतं तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सोडून सोडून बघू नका. हात किंवा पाय तुटला असेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा घट्ट आवळा आणि आवळल्याची वेळ लिहा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कपड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट लावू नका. पाणी पाजू नका, शस्त्रक्रियेला अडचण होते.

गाडीतून चुकून पडून मृत्यू झाला तर वारसांना आठ लाख रुपये भरपाई मिळते. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज एक वर्षाच्या आत करावा लागतो. स्टेशन मास्तरांचा मेमो, जीआरपीचा पंचनामा आणि रुग्णालयाचे कागद त्याला लागतात. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला मात्र ही भरपाई लागू होत नाही. पास आणि त्यावर लिहिलेल्या ओळखपत्राचा फोटो दर वेळी नूतनीकरण झालं की घरी पाठवून ठेवा.